धुरावरचा आळ

आई,

माझा चष्मा सुटला. हरवला नाही, फुटला नाही, चांगला कायमचा सुटला. हे सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं, कारण त्या जाड काचा मला तुझ्याकडूनच आल्या. आपण दोघी ओट्यावर शेजारी बसलो की बाबा म्हणायचे, "आमच्या घरात दोन दुर्बिणी हायत." आता माझ्या दोन्ही डोळ्यांत, बाहुलीच्या मागे, नखाहूनही लहान असं एकेक मऊ भिंग बसवलंय. मोतीबिंदूसारखं नाही हं. त्यात आतलं भिंग काढून टाकतात. माझं स्वतःचं जागच्या जागी आहे, हे नवं त्याच्या पुढे बसलंय, आणि उद्या काही बिनसलंच तर काढूनही घेता येतं. लेसरवाल्यांनी मला आधीच परत पाठवलं होतं. नंबर भारी आणि डोळ्याचा वरचा पापुद्रा पातळ, त्यामुळे लेसर नको म्हणाले. तेव्हा दोन दिवस तोंड फुगवून बसले होते, तुझ्यासारखीच.

मला वाटलं होतं, जायचं, झोपायचं, उठायचं आणि वसईच्या स्टँडवर लांबून बसची पाटी वाचायची. पण मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी स्थळाची करावी तशी चौकशी मांडली. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काही आठवडे बंद, नाहीतर मापं चुकतात. नंबर अलीकडे वाढलेला नाही ना? भिंग मावेल एवढी डोळ्यात जागा आहे ना, तेही मोजून घेतलं. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील, घाबरायचं नाही. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणारच, तेव्हा माझ्याशी भांडायला यायचं नाही. मी आपली सगळ्याला हो हो करत होते. सुटका होतेय म्हटल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाचा डोळा गेलाय का?" मी सहज सांगून टाकलं, "आईचा, उजवा. पण तो धुराने गेला." त्यांचं लिहिणं थांबलं. "धुराने? कसा? नीट सांगा."

मग मी नीट आठवायला लागले. मी चौथीत आहे. निर्मळच्या वाडीत, घरामागे धूर कोंडून केळी पिकवायची ती बुटकी खोली. गणपती तोंडावर आलेत, घड छतापर्यंत रचलेत आणि कोपऱ्यात शेणी धुमसतायत. बाबांना बाजाराची घाई आहे, म्हणून ते तुला आत पाठवतात, "धूर मरला वाटते, जरा फुंकून ये." तू बाहेर येतेस ती डोळा चोळतच. "काळ्या माश्या उडतात गो डोळ्यासमोर," म्हणतेस. दुसऱ्या दिवशी कडेला काजवे चमकतात म्हणतेस. बाबा गुलाबपाणी घालतात, दुधाच्या घड्या ठेवतात, आजूबाजूच्या बायका 'धुराचा डोळा, होईल बरा' म्हणून जातात. आणि मग एका दुपारी भाजी निवडता निवडता तू मध्येच थांबतेस आणि विचारतेस, "हा कोपऱ्यातून कोन पडदा ओढते?" मी मागे वळून बघितलं होतं, खरंच कुणी आहे का म्हणून. तो पडदा पुन्हा वर गेला नाही. बाबांनी ती खोली बंद केली ती केलीच. घड हिरवेच व्यापाऱ्याला देऊ लागले.

तूही काही कमी नव्हतीस म्हणा. बाबांनी आणलेली साडी पसंत पडली नाही की तू त्यांच्याकडे फक्त उजवी बाजू करायचीस. "मना नाय दिसत यातला रंग." बाबा गपचूप सायकल काढून वसईला जायचे आणि साडी बदलून आणायचे. विहिरीचं पाणी त्यांनी भरायचं, नारळ त्यांनीच सोलायचे. तुझं राज्य त्या एका डोळ्यावर मजेत चाललं होतं आणि आम्ही मुलं तोंडावर हात दाबून हसायचो. बाबा मात्र त्या बाबतीत कधी हसले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धुराने डोळ्यातून पाणी येतं, पडदा ओढला जात नाही." मोठ्या नंबराचा डोळा लांबट असतो, त्यामुळे त्याच्या आतला पडदा ताणून विरतो आणि कधीतरी फाटतो. आधी माश्या, मग काजवे, मग कडेने अंधार. तू सांगितलंस ते त्यांच्या पुस्तकात जवळजवळ तसंच छापलेलं असतं म्हणे. मग त्यांनी औषध घालून माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या आणि आतल्या पडद्याच्या कडा बराच वेळ तपासल्या. डाव्या डोळ्यात दोन बारीक छिद्रं निघाली. मला तर काहीच जाणवत नव्हतं. वेगळ्या प्रकारच्या लेसरने ती आधी बंद केली, काही आठवडे थांबवलं आणि मगच भिंग बसवलं. आधी एक डोळा, मग दुसरा. भिंगाने चष्मा जातो, डोळा मात्र लांबटच राहतो. काजवे दिसले तर त्याच दिवशी यायचं, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. आई, तू तेव्हा मुकाट्याने सोसलं असतंस तर मला सांगायला काही नसतं. माझा डोळा तुझ्या कुरकुरीने वाचलाय, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

त्या तपासणीहून परतले तेव्हा बाबा ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. मी म्हटलं, "बाबा, आईचा डोळा धुराने नव्हता गेला."

"मंग कशाने?"

"नंबराने. तुम्ही तिला आत पाठवलं नसतं तरी जायचा होता."

कोयता तसाच हातात राहिला. "खरा सांगतेस?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

त्यांनी कोयता ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "तिला सांगायला पायजे होता. काय कामाला लावला होता मला!" आणि हसले, आई. खांदे हलेपर्यंत हसले आणि मग पंच्याने डोळे पुसले. इतकी वर्षं घरात धूपसुद्धा जाळू न देणारा माणूस दुसऱ्या दिवशी तुझ्या फोटोपुढे स्वतः धूप घालत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, पण बरं वाटून.

त्यांचं 'तिला सांगायला पायजे होता' मनात राहिलं, म्हणून हे लिहायला बसले. तुझ्या फोटोमागे ठेवावं असं आधी वाटलं होतं. पण तो फोटो बाबा रोज काढून पुसतात, तेव्हा तिथे नको. त्या धुपाच्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, "तेव्हाच मुंबईला नेला असता तर वाचला असता काय गो?" मी म्हटलं, "नाही बाबा, तेव्हा त्यावर इलाजच नव्हता." त्यांनी मान हलवली आणि निवांतपणे केळींना पाणी सोडायला गेले.

इलाज होता, आई. मीही डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं होतं. पहिल्या दोन-चार दिवसांत नेलं असतं तर बहुधा वाचला असता, म्हणाल्या. तुला खरं सांगितलं. बाबांनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.