झब्ब्याच्या खिशातली खिट्टी

अर्विंग, टेक्सास
मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय हेमचंद्रा, अंगठेबहाद्दरा,

आधी तक्रार नोंदवून घे, क्षेमकुशल नंतर. ऑक्टोबरपासून आजपर्यंत मी तुला जे जे लिहिलं, त्याला उत्तर म्हणून तू मला फोनवर एकंदर सतरा अंगठे पाठवले आहेस. मी मोजले. शुभाच्या पाठीबद्दल चार ओळी लिहिल्या, अंगठा. आमच्याकडे अवेळी गारा पडल्या, अंगठा. दिवाळीचे अनारसे तुपात विरघळून कढईत नुसता गाळ उरला याचं सविस्तर वर्णन पाठवलं, त्यालाही अंगठा. आता यात शाबासकी देण्यासारखं तुला काय दिसलं? आपल्याकडे अंगठा उठवायचा तो ज्याला सही करता येत नाही त्याने. आणि तू तर तो माणूस, ज्याने अकरावीत मला चहाला बोलावण्यासाठी अनुष्टुभात चिठ्ठी धाडली होती, आणि चौथ्या चरणात साखर बसत नाही म्हणून चहाही बिनसाखरेचा पाजला होता. त्या माणसाचं असं निरक्षर होणं मला बघवत नाही. सबब, खुलासा व्हावा.

खुलासा खरं तर मीच करायचा आहे. पण मी वळसा घेऊन येणार, तुला माझी सवय माहीत आहे. काल तुझ्या सुलभाचा माझ्या शुभाला मेसेज आला. तुम्ही तुमचा ट्रेलर, ते चाकांवरचं घर, विकायला काढलाय आणि शनिवारी सकाळी गिऱ्हाईक येणार आहे म्हणे. मार्चमध्ये युटाला जायचं म्हणून सुलभाने भिंतीला नकाशा लावला होता, तोही तू उतरवलास. विचारलं तर म्हणालास, हातावर भरवसा राहिला नाही. हे वाचून शुभाने फोन माझ्यापुढे ठेवला आणि ती चहा करायला गेली.  तेव्हापासून मी हे पत्र मनात लिहितोय. फोन का नाही केला म्हणशील, तर केला, दोनदा, आणि दोन्ही वेळा तुला जॉर्जियातलं हवामान विचारून ठेवून दिला.

सप्टेंबरातली लेबर डेची सुट्टी आठव. आठशे मैल गाडी हाकत तू आलास, आणि बॅगेत कपडे कमी, लोखंडच जास्त. तो तुझा बोल्ट मोजून आवळायचा पाना सुलभाच्या जुन्या साडीत गुंडाळलेला, बाळंतिणीचं मूल आणावं तसा. आमच्या फिफ्थ व्हीलची, म्हणजे ट्रकच्या हौद्यात नाक टेकवून ओढायच्या ट्रेलरची, तक्रार मी तुला फोनवर सांगितली होती: ट्रेलरचं नाक ट्रकच्या पाठीवरच टेकलेलं, त्यामुळे हायवेच्या काँक्रीटचा प्रत्येक सांधा आधी ट्रकला, मग ट्रेलरला, आणि ट्रेलरचा उलटा धक्का पुन्हा आमच्या कण्यात. शुभाचं मणक्याचं ऑपरेशन मार्चमधलं. ती बोलायची नाही, खिडकीवरची मूठ धरून बसायची, आणि तिची बोटं पांढरी झालेली मला दिसायची. मी म्हणालो होतो की विकून टाकतो हे प्रकरण. तू म्हणालास, थांब, नाक बदलू.

मग आपण दोघांनी ते जुनं ताठ नाक उतरवलं आणि हवेची रबरी पिशवी असलेलं नवं बसवलं. दोघांनी म्हणजे तू बसवलंस आणि मी दिवा धरून मधूनमधून सुभाषितं म्हटली. प्रत्येक बोल्ट तू मोजून आवळलास, आणि आवळल्यावर त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलीस. बोल्ट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटेल आणि कळेल, म्हणालास. शिवाय नव्या नाकाने उंची बोटभर वाढली आहे, तेव्हा ट्रेलरखालची ती जाड खुंटी ट्रकवरच्या हिचच्या, म्हणजे जोडकडीच्या, जबड्यात न शिरता नुसती वर टेकू शकते, लक्ष ठेव, हे तू मला तीनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा मी चिडलो होतो.

आणि ती यादी! नऊ मुद्दे, तुझ्या त्या पोथीछाप अक्षरात, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले. ट्रेलर जोडताना शुभाने एकेक वाचायचं आणि मी करून "झालं" म्हणायचं. तू म्हणालास, शुभावहिनी पुरोहित, मोऱ्या यजमान, दक्षिणा पेट्रोलपंपावरची कॉफी. सहावा मुद्दा, जबडा बंद करणाऱ्या दांड्याच्या भोकात खिट्टी घाल. सातवा, ट्रेलरचे टेकूचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून बघ, सुटला नाही तरच खरं. सातव्याखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. मग आपण डेंटनपर्यंत जाऊन आलो आणि शुभा मागच्या सीटवर झोपली. ऑपरेशननंतर चालत्या गाडीत पहिल्यांदाच. तू ओठांवर बोट ठेवलंस, आणि साठीकडे झुकलेले आपण दोन बाप्ये चाळीस मिनिटं कुजबुजत आलो. घरासमोर उतरताना ती म्हणाली, आलो पण? तुझा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

वाईला शास्त्रीबुवांकडे पहाटे संथेला बसायचो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण तू पाठ करून यायचास. मी एक वेगळीच विद्या साधली होती. मधली ओळ आठवली नाही की ती गिळायची आणि पुढची अशा खणखणीत आवाजात म्हणायची की बुवांची मान डोलावी. बुवांना तेव्हा ऐकू कमी येत होतं, त्यांची फसवणूक फारशी अवघड नव्हती. तुला मात्र दर वेळी कळायचं. तू नुसता माझ्याकडे बघायचास आणि पुन्हा पोथीत डोकं घालायचास. चाडी एकदाही केली नाहीस. हे आज का आठवलं ते पुढे येईलच.

आता दसरा. तिथीने दसरा गुरुवारी होता, पण गुरुवारी कुणाला सुट्टी? म्हणून आमच्या मंडळाने तो शनिवारी केला. तिथी दोन दिवस पुढे ढकलायला आम्हाला काही वाटलं नाही. मुहूर्त मात्र मिनिटासकट पाळायचा. दोन वाजून सतरा मिनिटं, हा मुहूर्त मीच काढला होता. त्या मुहूर्तावर नव्या नाकासह रेड रिव्हर ओलांडून ओक्लाहोमात शिरायला निघायचं, म्हणजे आमचं सीमोल्लंघन. एचओएकडून, म्हणजे वसाहतीच्या समितीकडून, एका दिवसाची परवानगी काढून ट्रेलर घरासमोर उभा केला. शुभाने रस्त्यावर रांगोळी काढली. पंचवीसएक माणसं आली, रेडबडची आपट्यासारखी पानं सोनं म्हणून वाटून झाली, मंडळातली आसावरी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. मी हिचच्या दांड्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग, तू ओळखलंच असशील, भाषण केलं. आयुधपूजेचा अर्थ, यंत्र शब्दाची व्युत्पत्ती, सगळं. अकरा मिनिटं. पोरं फोनमध्ये, मोठी माणसं घड्याळात. शेवटी दोन वाजून चौदा मिनिटं झाली तेव्हा कुठे ट्रक मागे घेतला आणि शुभाने यादी उघडली.

पुढचं तू व्हिडिओत पाहिलं आहेस, यतीनच्या कृपेने. ट्रक निघाला, दहा-बारा फूट गेला, आणि ट्रेलरचं नाक सुटून ट्रकच्या मागच्या हौद्यावर आदळलं. दोन्ही कडा पत्र्याच्या डब्यासारख्या दबल्या. व्हिडिओत न दिसलेली गोष्ट अशी की शुभा त्याच कडेला वाकून हारातून गळलेली फुलं उचलत होती. आसावरीने कुंकवासाठी हाक मारली म्हणून ती सरळ झाली आणि दोन पावलं मागे गेली. मग आवाज झाला.

यतीन पहिला धावत आला. नागपूरचा पोरगा, सॉफ्टवेअरवाला, ट्रेलरमधलं ओ की ठो कळत नाही त्याला, पण पहिलाच प्रश्न बरोबर विचारला: "काका, लॉक नव्हतं झालं का?" पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. थोड्याच वेळापूर्वी याच तोंडाने त्यांना यंत्राची व्युत्पत्ती सांगितली होती. मी म्हणालो, "लॉक झालं होतं. नवा भाग आहे ना, हेमचंद्राने बसवलाय. त्याचंच काहीतरी राहिलं असणार." शुभाच्या हातात यादी होती. तिने ती घडी घातली आणि घरात गेली.

संध्याकाळी तुझा फोन आला. आधी शुभाची चौकशी केलीस, मग ट्रेलरची उंची विचारलीस, मग म्हणालास, पिवळ्या रेघा बघ, एखादी तुटली आहे का. मी म्हणालो, ट्रक गॅरेजला गेलाय. ट्रक समोर खिडकीतून दिसत होता, हेमचंद्रा. उजेड चांगला होता. एकही रेघ तुटलेली नव्हती, आणि ते मी तुझा फोन यायच्या आधीच पाहून आलो होतो. दुसऱ्या दिवशी तू शुभाला लिहिलंस, वहिनी, माझ्या हातून चूक झाली, तुम्हाला काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं. आणि त्यावर तुला उत्तर दिलं ते मी. अरे असू दे, माणूस आहे, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिलं. मी तुला क्षमा केली! वर सही केली. त्यानंतर तुझे अंगठे सुरू झाले. मोजायला बसलो तेव्हा पहिला अंगठा त्या माझ्या क्षमेच्या खालीच सापडला.

तर हेमचंद्रा, झालं होतं ते असं. शुभाने सहावा मुद्दा वाचला. खिट्टी भोकात जाईना. हार मधे येत असेल असं मी धरून चाललो, खिट्टी झब्ब्याच्या खिशात टाकली आणि म्हणालो, "झालं." तिने सातवा वाचला. घड्याळात दोन सोळा झाले होते. मी तोच खणखणीत आवाज लावला आणि म्हणालो, "झालं." ओढून बघितलं नाही. खुंटी जबड्याच्या वरच टेकलेली होती, तू तीनदा सांगितलं होतंस तशी. सगळे गेल्यावर जबड्यात चिरडलेला झेंडू मी चिंधीने पुसून काढला, कुणाला दिसायच्या आत. रात्री झब्बा धुवायला टाकताना खिशात खिट्टी लागली. ती या पाकिटात घातली आहे, म्हणजे मला पुन्हा शब्द फिरवता येणार नाही. तुझ्या हाताचं काहीही चुकलेलं नाही. शनिवारच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांग आणि सुलभाचा नकाशा परत लाव. मंडळाच्या ग्रुपवर मी आज दुपारी हेच सगळं लिहिलं आहे, यतीनने त्यावर काय पाठवलं असेल ते तू ओळखशीलच. तू मला माफ करशील की नाही हे मी विचारत नाही, आपल्यात माफीचा कोटा मी एकट्यानेच वापरलाय. मला घोर आहे तो दुसराच. शुभाने दोन्ही "झालं" ऐकले होते. त्या दिवसापासून तिने त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. पण आता गॅस बंद केला का विचारते, मी "झालं" म्हणतो, आणि ती हातातलं काम ठेवून उठते आणि जाऊन बघते. दार, इस्त्री, माझी रक्तदाबाची गोळी, सगळं. परवा पाठीला कळ आली होती तिच्या, तरी उठली. मी बसून राहतो. ती बघून येते आणि ठेवलेलं काम पुन्हा हातात घेते.

तुझाच, पण यापुढे तपासून घे,
मोरेश्वर