मचूळ विहिरीवर बोटीचं इंजिन

३ एप्रिल १९४६, गुढीपाडवा
सकाळी गुढी उभारली. मग विहिरीवर जाऊन इंजिनाला हार घातला. बायकोने विचारलं, इंजिनाले हार काहून? म्हटलं, यंदापासून हेच आपले बैल. ती म्हणाली, बैल हाक मारली त उठते तरी.

लढाई संपली आणि सरकारने लढाईचं सामान विकायला काढलं. त्यातून अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने काही इंजिनं आणली होती. बाकीची जमिनीवर चालणारी. मी बोटीचं घेतलं. का घेतलं, ते गावात अजून कोणाला उमगलेलं नाही. दर्यापूरकडच्या आमच्या भागात विहिरी मचूळ. अशा पाण्याने लोखंड सडतं. पण ज्याने उभा जन्म समुद्रात काढला, त्याला माझ्या विहिरीचं काय वाटणार? एवढा साधा विचार आहे. शाळा गावातलीच, तीही चौथीपर्यंत. पण विचार करायची सवय देवाने दिली.

बैलजोडी विकली. मोट खोपीत टांगली. डाळिंबाच्या बागेत आंबे बहर, म्हणजे उन्हाळ्याचा बहर, धरला आहे. पाऊस येईपर्यंत पाणी तुटू द्यायचं नाही, हा आजचा संकल्प. दुसरा संकल्प, शेजारच्या मळ्यातल्या नत्थुजीच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही.

५ एप्रिल
इंजिन चालू केलं. आवाज असा की बाभळीवरचे बगळे उडाले. पाणी आलं, पाटात वळलं, पहिल्या ओळीपर्यंत गेलं. डोळे भरून आले. मग इंजिन तीनदा खोकलं आणि बंद पडलं.

नत्थुजी दोन मळ्यांमधल्या धुऱ्यावरून ओरडला, काय पुंजारामबुवा, बंदर आलं काय?

उत्तर दिलं नाही. मनात दिलं.

६ एप्रिल, शनिवार
दर्यापूरच्या कापसाच्या जिनात इंजिन चालवणारा खुशालराव आला. जिनिंगचा हंगाम संपल्यामुळे तो रिकामा आहे. त्याने इंजिनाच्या कडेची पितळी वाटी उघडली. आत तेल गाळायचा नमदा होता, घोंगडीसारखी जाड दाबलेली चकती, जुन्या वहाणेसारखी कुजलेली. खुशालराव म्हणाला, हा फिल्टर मेला, तेलातला कचरा सरळ आत जाऊन राहिला, याच मापाचा नवा नमदा आणा. चहा पिताना पुन्हा तेच म्हणाला. जाताना पुन्हा. माणूस चांगला, पण त्याच्याजवळ एकच गोष्ट आहे.

मला मात्र आनंद झाला. रोग इंजिनाचा नाही, गाळणीचा आहे. गाळणं आपल्याला नवं नाही. पाणी गाळून पितो, काढा गाळतो, चूर्ण वस्त्रगाळ करतो. मनसुद्धा रोज सकाळी नामस्मरणाने गाळतोच. तेल तेवढं राहिलं होतं.

७ एप्रिल
जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा घेतला. सात पदर केले. सातच का, तर सात हा आकडा शुभ. इंजिन चालू होईना. तेलाचा थेंबसुद्धा पुढे सरकेना. म्हणजे गाळणी इतकी उत्तम झाली की तिने तेलालाच कचरा समजून अडवलं. हा गुणच, पण आज कामाचा नाही.

दोन पदर ठेवले. चाललं, थांबलं. चाललं, थांबलं. दुपारी बायको जेवण घेऊन आली. धोतराचं फाटलेलं टोक तिने पाहिलं. पहिल्या ओळीतली माती बोटाने उकरून पाहिली आणि परत गेली.

९ एप्रिल
खालच्या ओळींना अजून पाणी पोचलेलं नाही. झाडांची पानं दुपारी मिटल्यासारखी होतात, संध्याकाळी उघडतात. म्हणजे झाडांची हिंमत कायम आहे. माझीही आहे.

ही झाडं बायकोने माहेरून टोपलीत घालून डोक्यावर आणली. तेव्हा मोटेचं पाणी बागेपर्यंत पोचत नव्हतं. दोन उन्हाळे तिने घागरीने घातलं. ती ते कधी बोलून दाखवत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

११ एप्रिल
आज उजेड पडला. आपण वऱ्हाडात राहतो आणि गाळायला कापूस सोडून सगळं शोधतो! ज्या कापसासाठी आगगाडी इकडे आली, तो कापूस घरात पडलेला. आपल्याच शेतातला, हाताने सरकी काढलेला, पांढराशुभ्र घेतला. पितळी वाटीत घट्ट भरला.

इंजिन असं धडधडलं की काय सांगू. न खोकता. पाणी तिसऱ्या ओळीपर्यंत गेलं. बायको पाटाच्या कडेला येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, चालू द्या, आता बंद नका करू. पुष्कळ दिवसांनी माझ्याकडे पाहून हसली. नत्थुजीने आपली मोट थांबवली आणि नुसता पाहत राहिला.

शनिवारी भजनानंतर मंडळींना दोन शब्द सांगेन म्हणतो. विषय: गाळणी आणि साधना.

१२ एप्रिल
इंजिन बंद. काल संध्याकाळीच पडलं होतं, पण कालचं पान आनंदाचं होतं म्हणून तिथे लिहिलं नाही.

१३ एप्रिल, एकादशी
उपवास. खुशालरावाला निरोप धाडला. त्याने तेल आत फवारणारं बारीक भोक उघडलं. भोकात कापसाचे तंतू. चिमटीत धरून त्याने एक तंतू उन्हात मला दाखवला आणि म्हणाला, बुवा, कापूस गाळते बी आन् स्वतः गळते बी. तुमाले नमदा आणा म्हणून सांगतलं होतं ना मी?

म्हटलं, सांगितलं होतं, पण कारण सांगितलं नव्हतं. कारणाशिवाय मी गोष्ट मानत नाही. तो म्हणाला, इंजिन मानते.

त्याने भोक साफ करून दिलं. भजनाला गेलो, दोन शब्द सांगितले नाहीत. एकाने विचारलं, बुवा, जहाज कुठं लागलं? उपवासाचं निमित्त सांगून लवकर उठलो.

१५ एप्रिल
अकोल्याला गेलो. सर्व्हिस मोटार, मग दुकानं पालथी. इंजिनाच्या सामानाच्या दुकानात शेटजींनी तीन प्रकार मांडले. पहिला नमद्याचा, नेमका आमच्या वाटीच्या मापाचा. दुसरा कागदाचा, घड्या घड्या घातलेला. तिसरा बारीक पितळी जाळीचा.

कागदाचा लगेच नाकारला. कागदाने तेल गाळणारा माणूस उद्या पत्रावळीत पाणी तापवेल. नमद्यापाशी अडलो. शेटजींना विचारलं, नमदा कशाचा? ते म्हणाले, लोकरीचा, घ्या नं भाऊ, आँख मिटून घ्या. पण लोकर म्हणजे सोवळं, ते तेलात बुडवायचं मला पटेना. शिवाय नमदा कुजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. जाळी कुजत नाही. चिंच लावून घासली की देवाच्या ताम्हनासारखी चकचकीत. जन्मभराची निश्चिंती.

शेटजी म्हणाले, भाऊ, जाळीतून बारीक कचरा जाते, आन् हे माप बी तुमचं नाही. म्हटलं, माप जुळवून घेता येतं. ते म्हणाले, मग न्या. तीन प्रकारांत एक निवडायला सकाळची दुपार झाली. घाईने निवडणारा मी नव्हे.

१६ एप्रिल, हनुमान जयंती
जाळी वाटीत हलते. कडेने धोतराची चिंधी बसवली, माप जुळलं.

इंजिन चाललं! चार ओळी भिजल्या. मारुतीला नारळ फोडला. बायकोला म्हटलं, आता पाहा. ती म्हणाली, पाहून राहिली. तिचा आवाज आज गोड होता, किंवा मला तसा वाटला.

२० एप्रिल, शनिवार
रोज चालतं, रोज बंद पडतं. पण पूर्वीपेक्षा उशिरा बंद पडतं, म्हणजे प्रगती आहे.

बायको ओटी भरून घेऊन आली. वाटलं, भाजी असेल. तिने माझ्यासमोर बाजेवर ओटी रिकामी केली. सुपारीएवढी डाळिंबं, सगळी गळालेली. म्हणाली, हे बी गाळा.

आणि गेली. मी एक फळ उचलून हुंगलं. त्यांना काही वास नसतो. मला भीती वाटत नाही. फक्त जेवावंसं वाटत नाही.

२३ एप्रिल
चिंतन केलं. जाळी बरोबर, माप बरोबर, तेल बरोबर. मग उणं काय? उणी आहे शुद्धी. त्या जाळीला अकोल्याच्या बाजारात किती हात लागले असतील! आणि मी ती तशीच बसवली. देवघरात नवं भांडंसुद्धा आपण तसं ठेवत नाही.

उद्या विधिपूर्वक.

२४ एप्रिल
स्नान करून जाळी काढली. चिंचेने घासली. तुळशीचं पाणी घातलं. काशीहून आणलेल्या गंगेच्या लोटीतलं पाणी शिंपडलं. तेलाच्या टाकीतही पळीभर टाकलं, कारण अर्धवट शुद्धी ही शुद्धी नव्हे. ओल्या जाळीला कुंकू लावून ओलीच बसवली. पुसली असती तर पुण्य फडक्याला गेलं असतं.

इंजिनातून पांढरा धूर निघाला. उदबत्तीसारखा वाटला. मग एक असा आवाज आला की तो मी पूर्वी ऐकला नव्हता. मग काहीच नाही.

२६ एप्रिल
खुशालराव. टाकीखालची तोटी उघडली, वाटीत पाणी आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, बुवा, डिझेलात पाणी? म्हटलं, अहो, बोटीचं इंजिन आहे, पाण्याचं भय त्याला कशाचं? ते तर पाण्यातच वाढलं.

तो म्हणाला, मासा पाण्यात वाढते. इंजिन बोटीत वाढते, अंदर, कोरडं.

मग हात पुसले. म्हणाला, आतला भाग घासून गेला. दुरुस्तीले मुंबईले धाडा लागते, हंगाम निघून जाईन. आज त्याने चहा घेतला नाही.

२७ एप्रिल
बायको पहाटेपासून घागरीने पाणी घालते आहे. मी म्हटलं, एवढ्या झाडांना घागरीने पुरायचं नाही, जरा दम धर, मी विचार करतो आहे. ती थांबली नाही. म्हणाली, तुमी विचार करा.

मला ते उत्तेजन वाटलं. मग तिचे पाय दिसले. ढेकळांनी सोललेले. दुसरी घागर घेऊन निघालो. विहिरीपासून बागेपर्यंत किती अंतर आहे, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. देवा, या बागेत माझं काय चुकलं ते नंतर दाखव. आधी पाणी दाखव.

३० एप्रिल
खालच्या ओळींत आता पानं संध्याकाळीही उघडत नाहीत. एका झाडाची फांदी वाकवून पाहिली, कडकन मोडली. कोणी पाहिलं नाही. मोडलेली फांदी दुसऱ्या फांदीत अडकवून ठेवली.

खोपीतून मोट काढली. चामडं वाळून कडक झालं आहे, त्याला तेल लावलं. मोट तयार आहे. बैल नाहीत.

२ मे
बायको मला न सांगता नत्थुजीकडे गेली. मला वाटलं, भांडायला गेली असेल आणि बरंच झालं. तासाभराने दोघं धुरा ओलांडून आले. तिने मला सांगितलं, विचारलं नाही: नत्थुजीचे बैल दुपारनंतर आपल्या विहिरीवर चालतील. बदल्यात बहराचा अर्धा हिस्सा नत्थुजीचा. वरच्या ओळी वाचवायच्या. खालच्या सोडून द्यायच्या.

मी म्हटलं, कोणत्या ओळी सोडायच्या, ते नीट विचार करून ठरवू.

ती म्हणाली, ठरलं.

नत्थुजी आज काही टोचून बोलला नाही. खाली पाहून म्हणाला, वयनीनं मागतलं म्हणून देऊन राहिलो, बुवा. तुमी मागतलं असतं त आधीच देले असते. त्यापेक्षा त्याने बंदराचं विचारलं असतं तर बरं होतं.

५ मे
मोट मी हाकतो, कारण नत्थुजीचे बैल त्याच्याकडे पाहून पळतात आणि माझ्याकडे पाहून सावकाश चालतात. पाणी विहिरीच्या काठच्या थाळण्यात पडतं, पाटाने जातं, वरच्या ओळीपर्यंत पोचतं. तिथली पानं आज संध्याकाळी उघडली. बायको पाटाशी उभी राहून पाणी एकेका ओळीत वळवत बारी देत होती. खालच्या ओळींकडे तिने पाठ केली होती. मी मात्र बैल विहिरीकडे मागे घेताना उलटा चालतो, त्यामुळे मला सगळं दिसत राहतं.

मोट हाकता हाकता विचार सुचला. इंजिन विकावं. पण लगेच अडचणही दिसली. दिवेलागणीला बायकोला सांगितलं, इंजिन विकायचं पक्कं केलं आहे, फक्त एवढंच की समुद्र इथून कुठल्या कुठे, बोटीचं इंजिन या मुलखात घेणार कोण?

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, थांबा थोडं. तुमच्यावानी अजून एखादा असंनच.