काचेच्या मॅटला लागलेली ओल

उस्ताद, मी टाकीच्या साच्याला मेण लावतेय आणि तुम्ही दारात उभे राहून बघताय. सकाळचे साडेआठ झालेत. शेड झाडून झालीय, कालचे रेझीनचे वाळलेले थेंब पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढलेत, ब्रश थिनरमध्ये हलवून ठेवलेत, हॉटेलात तुमचा चहा सांगून आलेय. मेणाचा बोळा मी जोर लावून फिरवतेय, कारण जितकं जास्त तितकं चांगलं असं मला वाटतंय. तुम्ही जवळ आलात, साच्यावरून एक बोट फिरवलंत आणि म्हणालात, "काय बाई, साच्याला मेण लावतीस का भाकरीला तूप? इतकं थापतं का कुणी? मेण डोळ्याला दिसलं नाही पायजे, बोटाला कळलं पायजे." मग माझ्या हातातला बोळा घेऊन तुम्ही अर्धा साचा पुन्हा पुसलात आणि उरलेला अर्धा माझ्यासाठी सोडलात.

तेव्हा मला तुमच्याकडं लागून दुसरा महिना होता. नवरा जाऊन सात महिने झाले होते. चार वर्षांची मुलगी तेरला सासूजवळ ठेवून मी रोज एसटीनं उस्मानाबादला यायची. गावाचं नाव तेव्हा तेच होतं. फायबरचं काम बाई करते हे कुणी ऐकलेलं नव्हतं. काचेच्या बारीक तंतूंची मॅट साच्यावर अंथरायची, ब्रशनं तिला रेझीन पाजायचं, लोखंडी रोलरनं आतली हवा काढायची, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. वाळलं की साच्यातून दगडासारखी टाकी निघते. मालक म्हणाला होता, हिला झाडलोटीला ठेवा. तुम्ही मला रोलर दिलात. "भाकरी भाजणारीला धग कळती," तुम्ही म्हणालात, "रेझीनलाबी धग असती. हार्डनर पडला की ते आतून तापतं. तुला लवकर समजंल." तुमच्याकडचे हातमोजे सगळे पुरुषी मापाचे, माझी बोटं त्यात हरवायची आणि रोलर निसटायचा. एकदा सोलापूरहून येताना तुम्ही लहान मापाची जोडी आणलीत आणि माझ्या हातात न देता खुंटीला अडकवून ठेवलीत. मला दुपारी दिसली. तुम्ही तेव्हा मुद्दाम पाठ करून उभे होता.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी सातवी शिकलेली, पण वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं आणि मी ते वरच्या खणापासून खालपर्यंत वाचून काढलं होतं. त्यामुळं ड्रमबरोबर येणारे कागद मी अक्षर लावून लावून वाचायची. एक दिवस मी तुम्हाला वाचून दाखवलं की हार्डनर आणि रेझीन लवकर वाळवणारं कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळू नका, भडका होईल. तुम्ही मान हलवलीत. "मला ठाऊक होतं. पण कागदालाबी ठाऊक आहे, हे बरं झालं." किती हसलो होतो आपण. नवरा गेल्यानंतर मी मोठ्यानं हसले ते त्या दिवशी पहिल्यांदा. घरी गेल्यावर मला त्याची लाज वाटली होती, हे तुम्हाला सांगितलं नाही.

दुसरीही एक गोष्ट सांगितली नाही. तुळजापूरच्या एका लॉजच्या गच्चीवर बसवलेली आपली टाकी जोडाशी पाझरायला लागली होती. मालक शेडमध्ये येऊन तुम्हाला सगळ्यांसमोर बोलला. "म्हातारे झालात, डोळे गेलेत, घरी बसा आता." तुम्ही म्हणालात, "त्या जोडाला हात माझाच होता, मालक." उस्ताद, त्या जोडाला हात माझा होता. शेवटची एसटी चुकेल म्हणून मी तीन थरांच्या जागी दोन दिले होते आणि वरून रंगाचा थर ओढून घेतला होता. तुम्ही बोलणी खाल्लीत आणि मी तिथंच चार पावलांवर वाळलेला ब्रश धूत उभी राहिले, जो धुऊन काही उपयोग नव्हता. तुम्हाला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. त्यानंतर आठवडाभर तुम्ही प्रत्येक जोडाशी येऊन नुसते उभे राहायचात आणि मी थर मोठ्यानं मोजायची.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. शेड बंद पडली, मी दारं केली, बसस्टँडवरच्या खुर्च्या केल्या, देखाव्याचे हत्ती केले. मुलगी शिकली, लग्न होऊन लातूरला गेली. आणि आता जिल्ह्यात जिकडं बघावं तिकडं पवनचक्क्या आहेत, वाशीच्या बाजूला तर माळच्या माळ भरलेत. त्यांची पाती आपल्याच कामाची आहेत, उस्ताद. तीच काचेची मॅट, तसंच रेझीन, फक्त एक पातं आपल्या शेडहून कितीतरी लांब. ती बनवायला आणि दुरुस्त करायला माणसं मिळत नाहीत. यंत्रं आलीत, पण कोपऱ्यात, वळणावर, जोडाला अजून हातच लागतो. म्हणून इथं एका कंपनीनं बारा आठवड्यांचा वर्ग काढलाय आणि पुण्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम त्यावर संशोधन करतायत. या कामाला माणसाला नेमकं काय यायला लागतं, ते किती दिवसांत शिकवता येतं, असं. त्यांनी मला कुठूनतरी शोधून काढलं. माझ्याकडं सर्टिफिकेट नाही, असं मी म्हणाले तर त्या म्हणाल्या, हात दाखवा. मी रोलर फिरवताना त्या शूटिंग करत होत्या. मध्येच विचारलं, "आता हवा निघाली हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले, कळतं. त्या म्हणाल्या, "तेच तर मला लिहायचंय."

त्यांच्या शब्दावर कंपनीनं मला शिकवायला ठेवलं. माझ्या वर्गात सहा मुली आहेत. कंपनीच्या साहेबांना त्या पहिल्या दिवसापासून नको होत्या. "पापड लाटणं वेगळं आणि पातं बनवणं वेगळं, मॅडम," असं ते आमच्यासमोर म्हणाले होते. शेवटी असं ठरलं की मुलींनी प्रत्येकी फायबरची एक नमुन्याची प्लेट करायची, हातभर लांबीची, त्या सहा प्लेटा पुण्याला जातील, तिथं यंत्रात ताणून तोडतील, आणि किती जोराला तुटल्या त्यावरून कंपनी मुलींना घ्यायचं की नाही ते ठरवेल. मुली दिवसभर त्यावर हसायच्या. "मावशी, तोडायलाच न्हेणार हायत तर इतकं गुळगुळीत कशाला करायचं?" मी म्हणायची, नवरीलाही सजवतातच ना. "म्हंजी आमालाबी तोडायलाच न्हेतेत व्हय?" असं त्यातली एक म्हणाली आणि बाकीच्या खिदळल्या. ती हसत नव्हती. तिच्या वडिलांनी स्थळ पक्कं करत आणलंय. नोकरीचा कागद हातात आला तर वर्षभर थांबतो, असा तिनं त्यांच्याकडून शब्द घेतलाय. प्लेटांसाठी सगळ्यांच्या मॅट तिनंच कापल्या होत्या.

आता चूक सांगते. शनिवारी उन्हानं पत्रा तापला होता. मास्क, मोजे, अंगभर पांढरा सूट, त्यात एका मुलीला घेरी आली. आमच्याकडं एक मोठा कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. त्याचं तोंड कायम दाराकडं ठेवायचं असा नियम आहे आणि तो नियम मीच मुलींकडून घोकून घेतलाय, कारण कूलरच्या हवेत पाणी असतं आणि काचेची मॅट पाणी पिते. पिल्यावर दिसत काहीच नाही. हाताला गार लागते, एवढंच. मी कूलर आत वळवला. पाच मिनिटं, म्हणून वळवला. पोरीला पाणी पाजलं, ओल्या फडक्यानं मान पुसली, तिला तिच्या आईशी बोलायचं होतं म्हणून फोन लावून दिला. मग जेवणाची सुट्टी झाली. कूलरसमोरच्या टेबलावर कापून ठेवलेल्या सहा प्लेटांच्या मॅट उघड्या पडल्या होत्या. दोन तासांनी माझ्या लक्षात आलं. मी कूलर फिरवला, मॅटवरून हात फिरवला, आणि ती गार आहे हे कळूनही, गारवा हवेचा असेल, असं मनाला सांगितलं. दुपारी मुलींनी त्याच मॅटचे थर देऊन प्लेटा टाकल्या. काय सुंदर टाकल्या, उस्ताद. रोलर कुठं रेंगाळला नाही.

मंगळवारी प्लेटा साच्यातून काढल्या. मुली निघून गेल्यावर मी तुम्ही शिकवल्यासारखं नाणं घेऊन वाजवलं. टणटणीत आवाज आला तर भरीव, बद्द आला तर आत काहीतरी सुटलंय. सहापैकी चार बद्द वाजल्या. उजेडात धरल्या तर तंतूंवर पांढुरके ढग आल्यासारखं, जिथं रेझीननं काचेला धरलेलंच नाही. साहेब मागून आले. "काय वाजवताय? दिसायला तर एकदम बेस्ट झाल्यात." मी म्हणाले, हो. नुसतं हो म्हणाले.

आज बुधवार. उद्या सकाळी टेम्पो प्लेटा घेऊन पुण्याला जाणार. तिथं त्या लवकर तुटतील आणि कागदावर असं लिहिलं जाईल की बारा आठवडे शिकवूनही या मुलींच्या हातात काम बसलं नाही. कूलरचं कुणी लिहिणार नाही, कारण कूलरचं फक्त मला ठाऊक आहे. आणि बोलले तर? साहेबांना हवंच आहे. जिच्याकडं सर्टिफिकेट नाही तिला शिकवायला ठेवलं आणि तिनं स्वतःचाच नियम मोडला. मला काढतील, ते त्यांचं चूकही नसेल. बावन्नाव्या वर्षी मला परत हत्ती करायला कोण बोलावणार? मुलीकडं लातूरला जाऊन राहायचं म्हटलं तर राहता येईल. जावई चांगले आहेत. पण या हातांना तिथं काय काम? सकाळपासून हेच चाललंय. भाकरी करताना पीठ दोनदा मळलं. आज ती मॅट कापणारी मुलगी जाताना म्हणाली, "मावशी, तुमी आज लई गप हाय. प्लेटा चांगल्या झाल्या न्हाय का?" मी म्हणाले, "उन्हानं डोकं धरलंय गं." ती म्हणाली, "मंग कूलरपुढं बसायचं की." तिनं सहज म्हटलं.

इथवर लिहून मी वही मिटली होती. आज रविवार आहे, पुढचं आज लिहितेय.

हे कागद तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही. लोक कबरीवर तरी जातात. तुमची कबर नेमकी कुठली ते मला माहीत नाही. तुमच्या धाकट्याचं बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे, मी रोज त्यावरून जाते, त्याला विचारता आलं असतं. सतरा वर्षांत विचारलं नाही. तो मला बसवून चहा पाजील आणि म्हणेल, अब्बा तुमच्याबद्दल लई चांगलं बोलायचे, ही मला भीती वाटते.

गुरुवारी मी पहिल्या एसटीनं गेले. टेम्पो दारात लागलेला होता, प्लेटांचं खोकं आत चढलं होतं. मी साहेबांना सांगितलं की शनिवारी कूलर मी आत वळवला होता, मॅट माझ्यामुळं ओल धरून बसल्या, मुलींना यातलं काही माहीत नाही. ते म्हणाले, लिहून द्या. मी टेम्पोच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानं लिहून दिलं आणि सही केली. त्यांनी मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला. मॅडमनी एवढंच विचारलं, "किती वेळ?" मी म्हणाले, दोन तास. त्या म्हणाल्या, प्लेटांचं आणि तुमचं काय करायचं ते कळवते. अजून कळवलेलं नाही. नऊ वाजता मुली आल्या, त्यांनाही सांगितलं. त्या कापणाऱ्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही, सरळ जाऊन सूट चढवला. टेम्पो अजून थांबलेलाच होता, मी त्यातलं खोकं खाली उतरवून घेतलं, बंद कपाटातली कोरडी मॅट काढली आणि कुणी सांगितलेलं नसताना सहा नव्या प्लेटांचे तुकडे कापायला बसले.