दोन मांजरं, तीन पेट्या

ता. ४

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझा शिपाई सुखरूप पोचला. टोपलीतून उतरला, चारही पांढरे मोजे झटकले आणि थेट माझ्या पलंगाखाली तपासणीला गेला. नातवाला दमा, म्हणून मुलाच्या घरी मांजराला थारा नाही, एवढं एकच वाक्य तू त्याच्यासोबत पाठवलंस. त्यातलं अक्षर फार सरळ होतं. एरवी तुझं अक्षर म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. जन्मभर नर्स राहून लागलेली सवय. तेव्हा ते लिहिताना तुला किती जड गेलं ते समजलो.

आमच्या बाईसाहेब कपाटावर चढून बसल्या आहेत. अकरा वर्षं या घरात त्यांचं एकछत्री राज्य होतं, तेव्हा थोडा रुसवा चालायचाच. पक्षपात नको म्हणून मी त्यांची कड तुटलेली जुनी वाळूची पेटी टाकून दिली आणि दोघांना अगदी एकसारख्या निळ्या पेट्या आणल्या. दुकानदार त्याला लिटर बॉक्स म्हणतो, म्हणजे मांजरांचं शौचकूप. फिनेलने धुतल्या, गुलाबाच्या वासाची वाळू भरली, मागच्या गॅलरीच्या कोपऱ्यात खेटून मांडल्या. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात नावंही लिहून लावली आहेत. अडतीस वर्षं वर्गात हेच केलं. भांडणारी दोन पोरं एका बाकावर बसवायची. महिनाभरात एका डब्यात जेवतात. संध्याकाळचं ऊन त्या पेट्यांवर पडतं तेव्हा एका कवितेच्या दोन ओळी शेजारी शेजारी लिहिल्यासारख्या दिसतात.

शिपाई गॅलरीच्या उंबऱ्यात तासन्‌तास बसतो. अदबीने वाट बघत असावा. बाईसाहेब मात्र तिकडे फिरकत नाहीत. काल माझी कवितांची वही ओली सापडली. पाण्याचं भांडं लवंडलं असेल असं मानून उन्हात ठेवली आहे, पण वास काही पाण्याचा नाही.

नातवाला पापा. आमच्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.
तुझा दादा

ता. ९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहीचं वाचून हसू आवरेना. तुझ्या कवितांना घरातच समीक्षक मिळाला. आता गंभीर बोलते. शिपाई अदबीने बसत नाही, नाकाबंदी करतो. अरे, तिची पेटी त्याच्या पेटीला चिकटलेली, जायला वाट एकच आणि वाटेत हा दांडगा. ती बिचारी जाणार कुठे? वर तिची ओळखीची पेटी तू फेकून दिलीस आणि नवीला फिनेल चोळलंस. मांजराचं नाक म्हणजे काय वर्गाचा फळा आहे, पुसला की कोरा?

आणि बाकाचं म्हणशील, तर आईने आपल्या दोघांना एका टेबलावर अभ्यासाला बसवलं होतं ते आठवतं का? माझ्या हातावर तुझ्या टाकाचा व्रण अजून आहे. आपलं पटायला लागलं ते तू शिकायला परगावी गेलास तेव्हापासून.

पण तुला जमणार नसेल तर स्पष्ट लिही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गोदामात उंदरांसाठी मांजर हवंय. महिनाअखेरच्या रविवारी तो तुझ्या गावी येतोय, तेव्हा घेऊन जाईल. मला वाईट वाटणार नाही. माणसांचीच सोय लावता लावता नाकी नऊ येतात, तिथे मांजराचं काय घेऊन बसलास.

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस, हेच मागणं.
तुझी धाकटी

ता. १५

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाईसाहेबांनी सबंध दिवस लघवी केली नाही. मी पुरता घाबरलो. टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या माझ्याच शाळेतल्या, मागच्या बाकावरच्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, की अजून दुखणं नाही, पण असं दाबून धरणं चालू राहिलं तर होईल. मग पेट्यांची मांडणी विचारली. मी अभिमानाने सांगितली. त्या इतकंच म्हणाल्या, की सर, वृत्त शिकवताना तुम्हीच सांगायचात, ओळीतला थांबा, म्हणजे यती, चुकला की ओळ गुदमरते.

जितकी मांजरं त्याहून एक पेटी जास्त, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी, हा त्यांचा हुकूम. नशीब, जुनी कडतुटकी पेटी भंगारवाल्याने अजून नेली नव्हती. तीत वासाशिवायची वाळू भरून ती माझ्या लिहायच्या टेबलाखाली ठेवली. तिथून आत यायला एक वाट आणि निसटायला दुसरी. एक निळी गॅलरीत राहिली, दुसरी न्हाणीघराजवळ गेली. आता मी तुला हे लिहितोय आणि पायाशी वाळू उकरल्याचा आवाज येतोय. माझ्या काव्याला यापूर्वी इतक्या जवळून कुणी साथ दिली नव्हती.

पण शिपाई अजून धुसफुसतो. रविवारबद्दल नक्की काय ते कळव. आणि वाईट वाटणार नाही असं पुन्हा लिहू नकोस. मला तुझं सरळ अक्षर वाचवत नाही.
तुझा दादा

ता. १९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून लिहिते. हे गेल्यावर दोन वर्षं घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच होतं. औषधवाला माणूस चांगला आहे, पण गोदामाला संध्याकाळी कुलूप लागतं. आत एकटं राहायचं. तरी बाईसाहेबांचा जीव धोक्यात घालून त्याला ठेवू नकोस. आधी तिचं घर, मग त्याचं. रविवारी तुला जे दिसेल तसं कर. मी औषधवाल्याला नक्की असं काहीच सांगितलेलं नाही.

थोडक्यात आटोपते, नातू उठला आहे. राग नसावा.
तुझी धाकटी

ता. २६

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

औषधवाला आज सकाळी टोपली घेऊन आला. त्या आधीचे पाच दिवस घर कोरडं होतं. बाईसाहेब टेबलाखाली, शिपाई गॅलरीत. न्हाणीघराजवळची पेटी दोघंही वापरतात, पण एकमेकांच्या वेळा टाळून. नावांचे पुठ्ठे मी काढून टाकले. तरी आज काय करावं, हे दारावरची बेल वाजेपर्यंत माझं ठरलं नव्हतं.

परका माणूस बघून शिपाई पळाला तो माझ्या खुर्चीखाली. तिथे बाईसाहेब आधीच होत्या. त्यांनी एकदा गुरगुरून पाहिलं, मग जरा सरकून जागा दिली. हातभर अंतर ठेवून दोघंही त्या टोपलीकडे बघत राहिली. औषधवाल्याने चहा घेतला, कवितेची एक वही वाचायला मागितली (वाळलेली दिली) आणि तो टोपली रिकामी घेऊन गेला.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी ये. तुझ्यासाठी आतली खोली झाडून ठेवली आहे.
तुझा दादा

ता. ३०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खुर्चीखालचा मजकूर तीनदा वाचला. घाबरल्यावर तो पूर्वी माझ्या पदराआड यायचा. आता तुझ्या खुर्चीखाली जातो, म्हणजे तुझ्या घरी तो रुळला. यासाठीच तर धाडला होता. मग डोळ्यांना पाणी कशाला आलं, ते मला विचारू नकोस.

गुरुवारी येत नाही. त्याला अजून महिनाभर राहू दे, नाहीतर मला पाहून माझ्यासोबत निघायला दाराशी जाऊन बसेल. मग येईन. त्याने ओळख दाखवली नाही तरी चालेल, मनाची तयारी केली आहे. दाखवली, तर मात्र दोन दिवस जास्त राहीन.

तुम्हा तिघांना माझा नमस्कार, वडीलधाऱ्या बाईसाहेबांना आधी.
तुझी धाकटी