बारा ओळींची टोपी

२ जून
आजपासून राग बंद.
कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर ते नावच काढून टाकतात, हा योगायोग.
कॉलेजातली मैत्रीण वीबके, तिची पीएचडीची तोंडी परीक्षा १३ तारखेला. मग इथल्या विद्यापीठाच्या रीतीप्रमाणे नव्या डॉक्टरला हातगाडीत बसवून चौकात, डोक्यावर विषयाला शोभेलशी घरी केलेली टोपी, आणि कारंज्यावरच्या हंसवालीच्या ब्राँझ पुतळ्याचा तिनं मुका घ्यायचा. टोपी मी करतो म्हणून सांगून आलो. मावशीच्या लोकरीच्या दुकानात उभा असतो मी. गटिंगनमध्ये दुसरं कोण करणार?
तिचा विषय पाच मितींची हायपरबोलिक भूमिती. क्रोशानं दर टाक्यात दोन टाके घालत गेलं, की विणकाम सपाट न राहता झालरीसारखं मुरडतं. तिची भूमिती तीच. सोपी आहे.

३ जून
पाच ओळी अर्ध्या तासात. एकूण बारा. म्हणजे सव्वा तास. उरलेले दहा दिवस काय करू?
परीक्षेनंतर वीबके नोकरीसाठी नॉर्वेला जाणार. चौथ्या ओळीत चिठ्ठी शिवली: 'नॉर्वेला मीही येऊ? – हेनिंग.' तोंडानं विचारलं की माझा आवाज चढतो.

६ जून
सातवी ओळ. सुई खराब आहे.
वीबके आली होती. म्हणाली, सापेक्षतेत वेगांचाही असाच मुरडलेला नकाशा असतो. प्रकाशाचा वेग त्याच्या काठावर. काठ हाताशी दिसतो, पण कितीही पळा, अंतर अनंतच. माझ्याकडे बघून म्हणाली. इशारा होता. चांगला.

९ जून
नववी ओळ. अख्खी दुपार.
मावशीनं टाके मोजले. "शहाण्या, दर ओळीला दुप्पट होतायत. गणितात हे शिकवलं नव्हतं का तुला?"
शिकवलं असेल. मी तत्त्वासाठी वर्गाबाहेर होतो.
सुई भिंतीवर फेकली. राग उद्यापासून बंद.

१२ जून
अकरावी ओळ, अर्धीच. हिरवी लोकर संपली, तपकिरी लावली. टोपी मांडीत मावत नाही. चिठ्ठी कुठल्या घडीत गेली, मलाच सापडेना. शोधणाऱ्याला सापडेल.

१३ जून
ती पास. धागा तोडायला वेळच मिळाला नाही. टोपी तिच्या डोक्यावर, लोकरीचा गुंडा माझ्या हातात, आणि गाडी सुटली. मी मागून पळतोय. गाडी ओढणारे विचारत होते, कोणी कोणाला बांधलंय?
चौकात ती माझ्याकडे वळली. मी गुंडा टाकला. म्हणाली, "हेनिंग, मी वर चढेपर्यंत फुलं धर जरा."
मुका हंसवालीला मिळाला. फुलंही.

२० जून
उद्या वीबके निघते. टोपी परत द्यायला आली. "फार सुंदर केलीस रे. पण बॅगेत सपाट बसतच नाही. बसली असती तर माझा प्रबंधच खोटा ठरला असता."
विचारणारच होतो. आवाज चढला असता.
ती गेल्यावर एकेक घडी उलगडली. चिठ्ठी चौथ्या ओळीतच होती, टाका न उसवलेला. म्हणजे तिनं नाही म्हटलेलं नाही.
मावशी म्हणाली, चहाच्या किटलीवर घालून बघ.
घातली. छान बसली.