आमच्या घरचं पार्टिशन

तीर्थरूप माणिकराव भाऊजी,

डोणगावहून तुमच्या साळ्याचा, रंगरावचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच वाकलो, बाकीचा मनातून धरा.) तुमचा खोकला कसा आहे? सोयाबीन फुलावर आलं का? तुमच्या दुसरबीडले पाणी पडलं म्हणतात. इकडं नुसतं आभाळ येऊन बसते आन् उठून जाते. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे आपापल्या जागी खुशाल आहेत. फोन काऊन नाही केला म्हणाल, तर ज्याईच्याबद्दल बोलायचं ते माणूस माह्यासमोरच बसून आहे, आन् त्याईचे कान तुमाले ठाऊक आहेत. म्हणून हे पत्र वांग्याच्या गाडीसंगं पाठवतो.

तर झालं असं, की आमच्या हॉलमध्ये मधोमध एक जिप्समची भिंत टाकावी असं मी आन् गोपालनं ठरवलं. (धाकट्या साळ्याचा स्वभाव तुम्ही जाणताच. माह्याबद्दल तोही हेच सांगते.) भिंत म्हणजे नुसती सोय, दुसरं काही मनात आणू नका. गोपालच्या वंदनाले मालिका लागते, आमच्या रुक्मिणीले भजन लागते, दोन्ही आवाज एका खोलीत मावत नाहीत. आता गॅस दोन झाले, लाइटीचं मीटर दुसरं बसलं, गोपालनं मागून एक दारही काढलं, पण ह्या सगळ्या सोयीच. वाटणी हा शब्द आमच्या घरात अजून कोणी उच्चारला नाही. (हळू उच्चारला असेल तर मले ऐकू आला नाही.)

अडचण उंचीची. लोकाच्या घरी दहा फुटांवर स्लॅब असते. आमच्या बाबांनी बारावर टाकला, काऊन की शेजारच्या भगवानरावनं अकरावर टाकला होता. त्या एका फुटाच्या इज्जतीपायी आमच्या पंख्याचा वारा आजही खाली पोचत नाही. मिस्त्री म्हणे, शीट सहाफुटी येते, आठफुटी येते, दहा-बाराचीही मागवता येते, बोला. आता बोला म्हटल्यावर आपल्या घरात गप्प कोण बसते? गोपाल म्हणे सहाफुटी आणा, एकावर एक दोन, काम फत्ते. पण मंग जोड येते नेमका डोळ्यासमोर, आन् उन्हाळ्यात पुट्टी तडकली की जन्मभर ती भेग पाहत जेवा. रुक्मिणी म्हणे आठफुटी घ्या आन् वर तुकडा लावा, तिले घरात तुकडे जोडायची सवयच आहे. वंदना म्हणे दहाफुटी, जोड वर गेला की दिसत नाही. जे दिसत नाही ते नसतेच, असं तिचं एकूण धोरण आहे. मी पडलो घरातला मोठा. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, बाराफुटी! बिनजोड! ह्या घरात जे होईल ते अखंड होईल. (हे बोलल्यावर सगळे माह्याकडं असे काऊन पाहून राह्यले, ते मले तेव्हा समजलं नाही.)

शीट आल्या. टेम्पो मारुतीच्या पारापाशी वळेना. मंग माणसं लावून एकेक शीट डोक्यावर आणली. बाराफुटी शीट म्हणजे मोठी नाजूक चीज, बाप्पा! मधात धरली तर टोकं लोंबतात, टोकं धरली तर मधात मोडते. एक तर भगवानरावच्या ओट्यासमोरच मोडली. बाकीच्या आत नेऊन उभ्या करायले गेलो, तर उभ्याच राहीनात. बाबांनी बारा फूट मोजले होते ते फरशी टाकायच्या आधी! बाबांच्या इज्जतीचे दोन इंच फरशीखाली गेलेले, आन् आम्ही आयुष्यभर बारा फूट, बारा फूट सांगत फिरलो. मिस्त्री म्हणे, आता पडू द्या आडव्या, उद्या येऊन कापून देतो.

पण खरा घात केला तो शब्दानं. भगवानरावनं ओट्यावरून विचारलं, काय आणलं बे? मिस्त्री म्हणे, "पार्टिशन आहे, रंगराव आन् गोपालभाऊचं." झालं! पारापर्यंत ते भिंतीचं पार्टिशन होतं, मेहकरच्या बाजारात जाईस्तोवर कोर्टातलं झालं. एका वकिलाचा माणूस येऊन कार्ड देऊन गेला. दोघं जण तोंड पाडून बसून गेले, जाताना बाबांची आठवण काढली. आन् दुसऱ्याच दिवशी एसटीतून आमची थोरली झुंबरबाई, म्हणजे तुमची मंडळी, उतरली. तुमाले काय सांगून निघाली, ते तुमचं तुम्ही जाणा.

मी हात जोडून सांगितलं, बाई, हे कागदाचं पार्टिशन नाही, भिंतीचं आहे. तेवढ्यात तिच्यापुढं चहा आला. एक रुक्मिणीनं आणला. एक वंदनानं आणला. बाईनं दोन्ही कपांकडं पाहिलं, एकालेही हात लावला नाही, पिशवीतून गोधडी काढली आन् शीटच्या थप्पीवर अंथरून बसली. तेव्हापासून तिथंच आहे. आता जेवते (एकदा इकडलं, एकदा तिकडलं, कोणाचा रुसवा नको म्हणून), झोपतेही तिथंच. मिस्त्री दोनदा करवत घेऊन आला आन् तिचं तोंड पाहून परत गेला.

बाकी सर्व ठीक. खोकल्याले अडुळसा घ्या, बिडी सोडा.

तुमचा आज्ञेतला,
रंगराव

ता. क. मुद्द्याचं लिहायचंच राह्यलं. भाऊजी, तुम्ही येऊन तिले घेऊन जा. तुमच्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाही. (ऐकत तुमचंही नाही, पण तुमच्यासंगं भांडायले तरी उठेल.) थप्पी मोकळी झाली की दोन इंच कापून काम उरकून टाकतो.

ता. क. दुसरा. पत्र बंद करत होतो तर बाई आपणहून बोलली. म्हणे, "उठतो मी. पन एवढं सांगा, भिंत झाल्यावर भाऊबीजेले मी कोन्या दारानं येऊ?" मी गोपालकडं पाहिलं, गोपालनं माह्याकडं. मी म्हटलं, दोन्हीकडं ये, तुले कोण अडवते? ती म्हणे, "दोन घरी जाते ते पाहुनी. लेकीले दार एकच असते रे." भाऊजी, एवढा म्हातारा घोडा मी, मले रडू आलं. गोपालचं माहीत नाही, तो मोरीत तोंड धुवायले गेला होता आन् लवकर बाहेर आला नाही.

ता. क. तिसरा. घ्यायले येऊ नका. मी आन् गोपालनं मिळून तिले दिवाळीपर्यंत राह्य म्हणून सांगितलं. (लय वर्षांनी आमचं कशावर एकमत झालं.) ती बसून आहे तोवर भिंत काही उभी राहत नाही, आन् भिंत नको म्हणायचं आमच्या दोघांच्याही तोंडातून निघत नाही, ते तिच्या बसण्यातून निघालं तर बरं. तिची औषधं आन् दोन लुगडी ह्याच गाडीसंगं पाठवा. तुमच्या जेवणाचं तुम्ही पाहा.