गेम पाहून केलेली स्थळाची चौकशी

नंदुरबार,
सोमवार, भर दुपार

चिरंजीव हेमकांत यास रतिलालमामाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत. तुझ्या मामीचा गुडघा बरा आहे (म्हणजे आता ती माझ्यामागे वेगाने येऊ शकते). तुझ्या आईची तब्येत कळव. अक्षर वाकडं आलं तर दोष खाटेचा. ओट्यावर मिरची वाळत घातलीय, तिची राखण करत लिहितोय, आणि खाटेच्या चौथ्या पायाच्या जागी ठेवलेली वीट पुन्हा सरकलीय.

आता मुद्दा. आपल्या काजलसाठी तू तुझ्या ऑफिसातल्या अमृतचं स्थळ सुचवलंस. काजल म्हणते, तुम्ही म्हणाल तसं, पप्पा (एवढी गरीब गाय ती कधीपासून झाली, देव जाणे). पण चौकशीशिवाय पोरगी द्यायची कशी? भावकीतल्या निम्म्या लग्नांची चौकशी मीच केलेली आहे. म्हणून खापरला, त्याच्या गावी गेलो, चहाच्या टपरीवर बसलो. जो तो एकच सांगे, "पोऱ्या सोनासारखा शे, पन करस काय ते आमले बी ठाऊक नही." तेव्हा म्हटलं, माणूस त्याच्या कामात दिसतो, आणि त्याने बनवलेला तो गुप्तहेराचा गेम तुझ्याकडून मागवला.

गेम चांगला आहे, नाही म्हणत नाही. केवढं ते शहर! वाटेल तिकडे फिरा, कुणाच्याही घरात शिरा. म्हातारी रस्त्यात आली की गाड्या थांबतात, म्हणजे पोराचं मन चांगलं. पण कुणी विचारत नाही रे, "कुठले? कोणाकडे आलात?" आपल्याकडे परका माणूस गल्लीत शिरला तर त्याच्या आजोळापर्यंत चौकशी होते. इथे साक्षीदार अनोळखी माणसाला भडाभडा सगळं सांगतात, चहा मात्र एकजण विचारत नाही. सराफाचा खून झालेला, आणि मी नदीवर मासे धरत बसलो, तरी तपास माझी वाट पाहत थांबला (तपास आहे की जावईबापू?). वर पुरावा आपणहून चकाकतो. पुरावाच चकाकायला लागला तर अक्कल लागते कशाला? (तरी मी पाववाल्याला धरलं आणि तो निर्दोष निघाला, ते सोड.)

काजल शेजारी बसून रस्ते सांगायची. त्या साहेबी शहरात मध्येच एक निळ्या दाराचं घर आहे. तिथून गेलो की दर वेळी म्हणायची, "पप्पा, आठे थांबा ना जरा." काय थांबायचं? तिथे काहीच चकाकत नव्हतं. परदेशात ओट्यावर लाल मिरची वाळत घातलेली, आणि खाटेला पाय तीनच, चौथ्या जागी वीट! चौथा पाय काढायचा ज्याला कंटाळा, तो संसार काय निभावणार? पोरगा कामचुकार आहे. सबब, माझा नकार त्याला गोड शब्दांत कळव.

तुझा,
रतिलालमामा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात मामी गेम बघायला बसली. त्या घरापाशी आली आणि ओरडली, "हाई ते आपलीच खाट शे! तुमले डोया शेतस का नही?" बाहेर येऊन पाहिलं. दार निळं, मिरची तीच, वीटही तीच. (खाट चकाकत नव्हती ना, म्हणून राहिली.) काजल म्हणाली, घराचा फोटो तिनेच अमृतला पाठवला होता, पुण्याला तुमच्याकडे राहून शिकत होती तेव्हा. म्हणजे हे स्थळ तुला सुचलेलं नाही, लबाडा. मी रागावणार होतो. पण एवढ्या मोठ्या शहरात पोराने माझ्या पोरीचं घर आधी बांधलं, हे पाहून डोळे भरून आले. नकार रद्द समज. रविवारी त्याला आईवडिलांसह घेऊन ये.

ता. क. २. खरं काम राहिलंच. गेम अजून बाजारात यायचा आहे ना? मग त्याआधी त्याला सांग, त्या खाटेला चौथा पाय लाव. नाहीतर होणाऱ्या सासऱ्याची अब्रू जगभर जाईल.